माप बदलते, राशी बदलत नाही

शाळेच्या स्मरणिकेत आठवणी, मनोगते आणि शुभेच्छा यांना मानाचे स्थान असते, आणि ते योग्यच आहे. तथापि ही स्मरणिका विद्यार्थ्यांच्याही हाती पडते आणि पुढे अनेक वर्षे त्यांच्या घरात राहते. हे ध्यानात घेऊन आम्ही येथे एक धडाच मांडण्याचे योजिले आहे. विषय वरवर पाहता लहान आहे : विज्ञानाच्या तासात मेट्रिक एककांचे रूपांतर कसे करावे?

आम्ही मूळचे इतिहासाचे शिक्षक. विज्ञानाचे सहकारी काही आठवडे रजेवर असताना वसतिगृहातील रात्रीच्या अभ्यासिकेत नववी-दहावीच्या विज्ञानाची उजळणी घेण्याचे काम आमच्याकडे आले. एके रात्री एक उदाहरण दिले होते : पाण्याची टाकी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १.५ मीटर उंच आहे, तर तिच्यात किती लीटर पाणी मावेल? घनफळ ९ घनमीटर, हे बहुतेकांनी बरोबर काढले. पुढे मात्र वर्गातील निम्म्याहून अधिक वह्यांत '९०० लीटर' असे उत्तर होते. कारण विचारले, तेव्हा एका मुलाने निरागसपणे सांगितले, "सर, मीटरचे सेंटीमीटर करताना शंभरानेच गुणतात ना?"

त्या मुलाला सूत्र पाठ होते. 'किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली' ही पायरीही त्याला तोंडपाठ होती. ज्ञान नव्हते असे नाही. ते पायरीवर चढण्या-उतरण्यापुरते होते. पायरी कशासाठी बांधली, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्हीही स्वतःला तो प्रश्न तोवर विचारलेला नव्हता. इतिहासाच्या माणसाला अशा वेळी मागे वळून पाहण्याची सवय असते. म्हणून प्रथम थोडा इतिहास आणि मग गणित, या क्रमाने आपण जाऊ.

१. शीग लावलेली पायली

आमचे आजोबा सालगडी होते. सालाच्या धान्याचा हिशेब पायलीने होई. चिपटे, मापटे, शेर आणि पायली ही मापे आमच्या बालपणापर्यंत मराठवाड्यातील खेड्यांत वापरात होती. आजी सांगत असे की, धान्य परत घेताना मापावर शीग लावून घेतली जाई आणि देताना त्याच मापावरून हात फिरवून ते सपाट दिले जाई. पायली तीच, नाव तेच, परंतु घेणाऱ्याचे माप आणि देणाऱ्याचे माप यांत ओंजळ-दोन ओंजळींचा फरक पडे. वर्षभरात त्या ओंजळींचे पोते होई. ज्याला मोजता येत नव्हते आणि ज्याला मापाला हात लावण्याचीही मुभा नव्हती, त्याने हा फरक कोणाला आणि कसा दाखवावा?

हा अनुभव एका घराचा नव्हे. मापातील लबाडी ही फार जुनी गोष्ट आहे. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात तथागतांच्या शीलाचे वर्णन करताना खोट्या तराजूपासून आणि खोट्या मापापासून विरत राहणे याचाही स्वतंत्र उल्लेख येतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या समाजातही ही फसवणूक नाव घेऊन सांगण्याइतकी परिचित होती, असा त्याचा अर्थ होतो.

लबाडी बाजूला ठेवली, तरी गोंधळ उरतच होता. 'मण' हा शब्द घ्या. इंग्रजी अमदानीत रेल्वेवर प्रमाण मानलेला मण ४० शेरांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ३७.३२ किलोग्रॅम होता. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोग्रॅम, मद्रासचा २५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ११.३४ किलोग्रॅम. शब्द एक आणि वजने तीन! सोन्यासाठी आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. तो प्रमाण तोळा सुमारे ११.६६ ग्रॅम भरतो. आज मात्र बाजारात 'तोळा' म्हणताना पुष्कळदा १० ग्रॅम अभिप्रेत असतात. आजीच्या तीन तोळ्यांच्या दागिन्याचे वजन ३५ ग्रॅम समजावे की ३० ग्रॅम, हा प्रश्न आजही घराघरांत वादाचा होऊ शकतो.

पैशाचेही तसेच. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. त्यातही आपल्या मराठवाड्यात निजामाचा हाली रुपया चाले. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये, असा विनिमय ठरला. आठवडी बाजारात उभ्या असलेल्या निरक्षर मजुराला हे सातास सहाचे गुणोत्तर मनातल्या मनात सोडवावे लागले असेल, याची कल्पना आजच्या विद्यार्थ्याने करून पाहावी.

२. सर्वांसाठी एक माप

मेट्रिक पद्धतीचा जन्म फ्रेंच राज्यक्रांतीत झाला, हे इतिहासाच्या पुस्तकात अनेकदा एका ओळीत उरकले जाते. वस्तुतः तो क्रांतीचाच भाग होता. त्या काळी फ्रान्समध्ये प्रत्येक परगण्याचे आणि प्रत्येक जहागीरदाराचे माप निराळे असे. शेतकऱ्यांच्या तक्रारींत करांच्या बरोबरीने मापांचाही उल्लेख होता. म्हणून राजाच्या हाताच्या किंवा पायाच्या लांबीवर नव्हे, तर साऱ्या मानवजातीच्या सामाईक अशा पृथ्वीवर माप आधारावे, असा विचार पुढे आला. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. दिलाम्ब्र आणि मेशँ या दोन शास्त्रज्ञांनी डंकर्क ते बार्सिलोना या पट्ट्याची मोजणी १७९२ साली सुरू केली. ती पूर्ण होण्यास सहा वर्षांहून अधिक काळ लागला. ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने मीटर, लीटर आणि ग्रॅम ही नावे रूढ केली. २० मे १८७५ रोजी पॅरिसमध्ये सतरा देशांनी मीटर करारावर स्वाक्षऱ्या केल्या.

भारतात या पद्धतीची चाहूल इंग्रजांच्या काळातच लागली होती. १८७१ साली शेर म्हणजे किलोग्रॅम असे ठरविणारा कायदा झाला, परंतु तो अमलात आला नाही. त्याच सुमारास रेल्वेची अरुंद लाईन किती रुंदीची असावी, याचा निर्णय एक मीटर असा झाला. तीच आपली मीटर गेज. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीमार्गे हैदराबादकडे जाणारी लोहमार्गाची लाईन याच मापाची होती. आमच्या पिढीने त्या गाडीतून प्रवास केला आहे. खेड्यात पायली आणि रुळांवर मीटर, असा तो काळ होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत ५० व्या क्रमांकावर वजनमापांची मानके निश्चित करण्याचा विषय आहे. संविधान शिकविताना मूलभूत हक्कांवर आपण तास घेतो, परंतु या छोट्या नोंदीकडे आमचेही लक्ष उशिरा गेले. देशभर शेर एकच असावा, तो कोणा वतनदाराच्या मर्जीवर नसावा, हे ठरविण्याचा अधिकार या नोंदीने संसदेला दिला. मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहिला होता आणि चलनाच्या मूल्याचे स्थैर्य हा त्यातील विवेचनाचा गाभा होता. मूल्य मोजण्याचे साधनच डळमळीत असेल तर व्यवहार सरळ राहत नाही. हा मुद्दा रुपयाला जसा लागू आहे, तसाच शेरालाही.

१९५६ साली वजनमापांच्या मानकांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर 'नवे पैसे' झाले. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली आणि १९६२ पर्यंत किलोग्रॅम सक्तीचा झाला. आज किलोग्रॅमची व्याख्या कोणत्याही धातूच्या तुकड्यावर अवलंबून नाही. २० मे २०१९ पासून ती निसर्गातील एका स्थिरांकावर आधारलेली आहे. मीटरची व्याख्या १९८३ पासून प्रकाशाच्या वेगावर आधारलेली आहे. ज्या मापावर कोणाचीही मालकी नाही असे माप आपल्या हाती आले आहे. आता ते वापरता येणे, ही जबाबदारी आपली.

३. रूपांतराचे मूळ तत्त्व

विद्यार्थी मित्रहो, आता वही उघडा. सारे रूपांतर एका वाक्यात सांगता येते : एकक बदलले तरी राशी बदलत नाही; फक्त तिचा आकडा बदलतो. घागरीतले पाणी तांब्याने मोजले काय किंवा वाटीने मोजले काय, पाणी तेवढेच राहते. वाटी लहान, म्हणून वाट्यांची संख्या मोठी. यातून पहिला नियम निघतो : एकक लहान झाले की आकडा वाढतो, एकक मोठे झाले की आकडा घटतो. उत्तर लिहिण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारला, तर निम्म्या चुका टळतात.

दुसरा नियम असा : कोणत्याही संख्येला १ ने गुणले असता तिची किंमत बदलत नाही. १ किलोमीटर आणि १००० मीटर हे एकच अंतर आहे. म्हणून '१००० मीटर भागिले १ किलोमीटर' या अपूर्णांकाची किंमत १ आहे. ३.५ किलोमीटरचे मीटर करताना आपण ३.५ किलोमीटरला या अपूर्णांकाने गुणतो. वरचा किलोमीटर खालच्या किलोमीटरने छेदला जातो आणि ३५०० मीटर उरतात. अपूर्णांक चुकून उलटा लिहिला, तर किलोमीटर छेदला न जाता त्याचा वर्ग तयार होतो आणि चूक स्वतःहून डोळ्यांसमोर येते. म्हणून आमचा आग्रह असा की, आकड्याबरोबर एककही प्रत्येक पायरीवर लिहावे. एकक हे उत्तराच्या शेवटी चिकटविण्याचे शेपूट नव्हे. आकड्याइतकेच तेही गणितात भाग घेते.

४. लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ

आता त्या ९०० लीटरकडे परत येऊ. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना बांबूच्या एक-एक मीटर लांबीच्या बारा काठ्या कापून आणावयास सांगितले आणि अंगणात सुतळीने बांधून त्यांचा एक घनाकृती सांगाडा उभा केला. तो एक घनमीटर. मग पुठ्ठ्याचा १० सेंटीमीटर बाजू असलेला एक ठोकळा केला. तो एक घनडेसीमीटर, म्हणजेच एक लीटर. मुलांना विचारले, असे किती ठोकळे या सांगाड्यात मावतील?

तळाच्या एका कडेला १० ठोकळे बसले. तळावर अशा १० रांगा, म्हणजे १०० ठोकळे. काहीजण येथेच थांबले होते, कारण '१००' हा त्यांच्या ओळखीचा आकडा होता. परंतु अद्याप फक्त तळ भरला होता. असे १० थर रचल्यावर सांगाडा भरतो. म्हणून १०० गुणिले १०, एकूण १००० ठोकळे. एक घनमीटर म्हणजे १००० लीटर. टाकी ९ घनमीटरची, म्हणून ९००० लीटर. वसतिगृहात दोनशे मुले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४५ लीटर. उत्तर ९०० लीटर असते, तर साडेचार लीटरच आले असते! ज्या मुलाने उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत हंडा धरला आहे, त्याला साडेचार आणि पंचेचाळीस यांतील अंतर वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

आम्ही पुढे विचारले, हा सांगाडा पाण्याने भरला तर त्या पाण्याचे वजन किती? कोणी पन्नास किलो म्हणाले, कोणी शंभर. एक लीटर पाणी म्हणजे जवळपास एक किलोग्रॅम, म्हणून १००० लीटर म्हणजे १००० किलोग्रॅम. तेव्हा ऊसतोड कामगाराची एक मुलगी चटकन म्हणाली, "सर, म्हणजे बरोबर एक टन! माझी आई टनावरच ऊस तोडते." वर्ग क्षणभर शांत झाला. पुस्तकातील टन आणि आईच्या कोयत्याचा टन एकच आहे, हे त्या मुलीने आम्हाला शिकविले.

तात्पर्य असे की, लांबीचे गुणोत्तर क्षेत्रफळात दोनदा आणि घनफळात तीनदा लागते :

१ मीटर = १०० सेंटीमीटर.
१ चौरस मीटर = १०० × १०० = १०,००० चौरस सेंटीमीटर.
१ घनमीटर = १०० × १०० × १०० = १०,००,००० घनसेंटीमीटर.

१ घनसेंटीमीटर म्हणजे १ मिलिलीटर. म्हणून १ घनमीटरचे १० लाख मिलिलीटर, म्हणजेच १००० लीटर. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते.

५. बारा गुंठ्यांचा फरक

क्षेत्रफळाचे रूपांतर आपल्या राज्यातील प्रत्येक घराशी निगडित आहे, कारण ते सातबाऱ्यावर आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांत लिहिलेले असते. बोलताना मात्र आपण एकर आणि गुंठे म्हणतो. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १०० आर म्हणजे १ हेक्टर. ४० गुंठे म्हणजे १ एकर. १ गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, अथवा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. म्हणून गुंठा आणि आर जवळपास सारखे आहेत, परंतु एकर आणि हेक्टर मुळीच सारखे नाहीत : १ एकर म्हणजे सुमारे ०.४०४७ हेक्टर.

दहावीच्या एका विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुटीनंतर आम्हाला एक कागद दाखविला. घरातील वाटणीचे ते कच्चे टिपण होते. आजोबांच्या हिश्श्याची जमीन 'एक एकर वीस गुंठे' होती. बोलीत तिला 'एक-वीस' म्हणत. कोणीतरी ती '१.२०' अशी लिहिली आणि गणकयंत्रावर १.२० ला ०.४०४७ ने गुणून क्षेत्र ०.४८५६ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेअठ्ठेचाळीस आर काढले. विद्यार्थ्याला शंका आली. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर. मग एक एकर वीस गुंठे म्हणजे दीड एकर. १.५ ला ०.४०४७ ने गुणले, तर ०.६०७ हेक्टर, म्हणजे जवळपास एकसष्ट आर येतात. दोहोंतील फरक सुमारे बारा आर, अर्थात बारा गुंठे. दीड एकरातून बारा गुंठे जमीन कोणीही न विकता आणि न बळकावता, केवळ एका टिंबापायी कागदावरून नाहीशी होत होती! टिपण कच्चे होते, सह्या झाल्या नव्हत्या. हिशेब वेळीच दुरुस्त झाला.

या चुकीचे कारण नीट समजून घ्यावे. एकराचे गुंठे ४० आहेत, म्हणून एकर-गुंठ्यातील टिंब हे दशांशचिन्ह नव्हे. हेक्टरचे आर १०० आहेत, म्हणून '१ हेक्टर २० आर' हे १.२० हेक्टर असे लिहिले तर ते खरोखरच दशांशात आहे. मेट्रिक पद्धतीची सोय नेमकी येथे आहे : एककांची पायरी आणि आकड्यांची पायरी एकच, दहाची. जुन्या पद्धतीत एकक बदलताना चाळीस, सोळा, बारा, आठ असे नवेनवे भाजक लक्षात ठेवावे लागतात. ते लक्षात ठेवणारा एक आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारे अनेक, अशी विभागणी त्यातून होते. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी जमीन असलीच, तर ती गुंठ्यांतच मोजण्याइतकी आहे. त्यांना बारा गुंठे थोडे नाहीत.

६. नाथसागराचे पाणी

आपल्या जिल्ह्यातील सर्वांत मोठे उदाहरण पैठणला आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पावसाळ्यात वृत्तपत्रांत रोज जलाशयाचे आकडे येतात. पातळी फुटांत व मीटरमध्ये, साठा टीएमसीत व दलघमीत, आवक क्युसेकमध्ये. एकाच बातमीत पाच एकके असतात. वाचणारे बहुधा टक्केवारी तेवढी वाचून पान उलटतात.

पूर्ण भरल्यावर जलाशयाची पातळी १५२२ फूट असते. १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर; १५२२ × ०.३०४८ = ४६३.९०६ मीटर. सरकारी नोंदीत आढळणारा ४६३.९०६ हा आकडा कोठून आला, हे आता उलगडले असेल. एकूण साठवण क्षमता २९०९ दलघमी आहे. 'दलघमी' म्हणजे दशलक्ष घनमीटर. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. १ टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ दलघमी. २९०९ ला २८.३२ ने भागले, की सुमारे १०२.७ टीएमसी मिळतात. त्यांपैकी जिवंत, म्हणजे वापरता येण्याजोगा साठा २१७१ दलघमी, अर्थात सुमारे ७६.७ टीएमसी आहे. बातमीत टक्केवारी पुष्कळदा जिवंत साठ्याची असते. म्हणून ती एकूण साठ्याशी ताडून पाहू नये.

क्युसेक हे प्रवाहाचे एकक आहे, साठ्याचे नव्हे : दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लीटर. वरच्या धरणांतून १००० क्युसेकने पाणी सुटले, तर एक टीएमसी पाणी येण्यास किती काळ लागेल? एक अब्ज घनफुटांना हजाराने भागले, की दहा लाख सेकंद. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद; म्हणजे सुमारे साडेअकरा दिवस, आणि तेही वाटेत थेंबही मुरला नाही असे धरून. 'पाणी सोडले' या बातमीवरून आनंद मानावा की प्रश्न विचारावेत, हे ठरविण्यासाठी हा भागाकार पुरेसा आहे. वरच्या आणि खालच्या भागांतील पाणीवाटपाचा वाद आपल्या परिचयाचा आहे. त्या वादात बोलण्यापूर्वी टीएमसी आणि दलघमी यांतील फरक आपल्याला ठाऊक असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

७. वेग आणि घनता

दोन एककांच्या भागाकारातून बनलेल्या राशींत मुले अधिक अडखळतात. येथे वरचे आणि खालचे एकक एकेक करून बदलावे. ७२ किलोमीटर प्रतितास म्हणजे ७२,००० मीटर भागिले ३६०० सेकंद, अर्थात २० मीटर प्रतिसेकंद. याच भागाकारातून ५/१८ हा गुणक आला आहे. तो पाठ करण्यापूर्वी एकदा स्वतः काढून पाहावा.

घनतेचेही तसेच. १ ग्रॅम म्हणजे किलोग्रॅमचा हजारावा भाग. १ घनसेंटीमीटर म्हणजे घनमीटरचा दहा लाखावा भाग. म्हणून १ ग्रॅम प्रतिघनसेंटीमीटर म्हणजे १००० किलोग्रॅम प्रतिघनमीटर. पाऱ्याची घनता १३.६ ग्रॅम प्रतिघनसेंटीमीटर, म्हणजे १३,६०० किलोग्रॅम प्रतिघनमीटर. येथे 'एकक मोठे, तर आकडा लहान' हा नियम चुकला असे काहींना वाटते. तसे नाही. घनमीटर खाली, भाजकाच्या जागी आहे. शिवाय तो घनसेंटीमीटरच्या दहा लाखपट मोठा, तर किलोग्रॅम ग्रॅमच्या हजारपटच मोठा. बांबूचा सांगाडा आठवला, की शंका उरत नाही.

८. चूक कोणाकडूनही होते

रूपांतरातील चूक केवळ विद्यार्थीच करतात असे नव्हे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका मोठ्या प्रवासी विमानाचे इंधन आकाशातच संपले. कॅनडा तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे वळत होता. लीटरचे किलोग्रॅम करताना कर्मचाऱ्यांनी पौंडांचा गुणक वापरला. एक किलोग्रॅम म्हणजे सुमारे २.२ पौंड, त्यामुळे हवे होते त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले. वैमानिकांनी इंजिनाविना ते विमान गिम्ली येथील जुन्या धावपट्टीवर उतरविले आणि सर्वांचे प्राण वाचले. त्या कर्मचाऱ्यांना गुणाकार येत होता. आकड्यापुढील एकक मात्र कोणी तपासले नाही.

आपल्या घरात अशी सावधगिरी औषधाबाबत हवी. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. बाटलीवर '५ मिलिलीटरमध्ये १२५ मिलिग्रॅम' असे लिहिलेले असते, तेव्हा मिलिलीटर हे द्रवाचे माप आणि मिलिग्रॅम हे त्यातील औषधाचे. डॉक्टरांनी सांगितलेले माप यांपैकी कोणते, हे विचारून घ्यावे आणि घरच्या चमच्याऐवजी औषधासोबत येणारे मापच वापरावे.

म्हणून प्रत्येक रूपांतरानंतर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली : एकक लहान झाले की मोठे, आणि आकडा त्याच्या उलट दिशेने गेला का? दुसरी : राशी लांबीची, क्षेत्रफळाची की घनफळाची, गुणोत्तर किती वेळा लागले? तिसरी : उत्तर उलटे फिरवले, तर मूळ आकडा परत येतो का?

सरावासाठी

१. ५४ किलोमीटर प्रतितास = किती मीटर प्रतिसेकंद?
२. २ एकर १० गुंठे = किती हेक्टर?
३. २५० घनसेंटीमीटर = किती लीटर?
४. लोखंडाची घनता ७.८ ग्रॅम प्रतिघनसेंटीमीटर; किलोग्रॅम प्रतिघनमीटरमध्ये किती?
५. ५००० क्युसेक = किती घनमीटर प्रतिसेकंद?
६. ब्रॉड गेज ५ फूट ६ इंच; १ इंच = २.५४ सेंटीमीटर. ही रुंदी किती मिलिमीटर? मीटर गेजपेक्षा ती किती अधिक?

उत्तरे : १) १५, २) २.२५ एकर, म्हणून सुमारे ०.९१, ३) ०.२५, ४) ७८००, ५) सुमारे १४१.६, ६) सुमारे १६७६, म्हणून सुमारे ६७६ मिलिमीटर अधिक.

समारोप

आमच्या आजोबांना मापावरची शीग दिसत होती. ती बोलून दाखविण्याचे बळ त्यांच्याजवळ नव्हते, कारण दुसरे माप आणून पडताळा घेण्याची सोय नव्हती. आज रेशन दुकानातील काटा, साखर कारखान्याचा वजनकाटा, सातबारा, औषधाची बाटली आणि धरणाची बातमी या सर्वांचे माप एकाच पद्धतीत आहे किंवा त्या पद्धतीत आणता येते. कायद्याने समान माप दिले. ते तपासण्याची क्षमता मात्र शाळेनेच द्यावयाची असते. ती देताना मुलांना केवळ टिंब सरकवावयास शिकविले, तर ती परीक्षेपुरती तरतील. टिंब का सरकते हे शिकविले, तर घरच्या कागदातील बारा गुंठे ती राखतील.

बांबूचा तो सांगाडा आजही प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात उभा आहे. सुतळी सैल झाली, की नववीची मुले ती नव्याने बांधतात आणि पुन्हा ठोकळे मोजतात. या शाळेतून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, त्यांनी कधी येथे आल्यास त्यात एकदा उभे राहून पाहावे आणि आपल्या गावातील एखाद्या मुलाला एक घनमीटर म्हणजे किती, ते हाताने दाखवावे.